पोथीत नसलेली ओळ

कासार आंबोलीत सध्या भाताची झोडणी चालू आहे. सकाळी शाळेकडे निघालो की ओढ्यापलीकडच्या खळ्यांवरून पेंढ्याचा वास येतो. आंबेमोहर इथेही पिकतो, पण इथला वास कोरडा आहे. आमच्या खोऱ्यात झोडणीच्या दिवसांत वाटेनं जाणाऱ्याला भूक लागायची. चूल पेटायच्या आधीच भात शिजल्यासारखं वाटायचं. ते खोरं आता धरणाच्या पाण्याखाली आहे. त्या वासाबरोबर मला माझं घर आठवावं, शाळेचा ओटा आठवावा, गेलेली माणसं आठवावीत. तसं होत नाही. आधी आठवतो तो एक बांगडीवाला, आणि त्याची एक ओळ.

पन्नाशीला मला दोन वर्षं कमी आहेत. एवढ्या वयात माणसानं दुसऱ्याच्या एका ओळीवरून जळत राहावं, हे शोभत नाही. पण खरं लिहायचं ठरवलं आहे, तर शोभण्याचा विचार सोडला पाहिजे.

आमच्या गावात मी मास्तर होतो. गावाचं नाव लिहीत नाही. ते लिहिण्याचा हक्क मी गमावला आहे, तो कसा ते पुढे येईलच. शाळेत मुलांना शिकवायचं, श्रावणात भैरवनाथाच्या देवळात पोथी वाचायची आणि कलगीच्या फडाला गाणी लिहून द्यायची, अशी माझी तीन कामं. आमच्याकडे गाणाऱ्यांचे दोन फड होते. कलगीवाले शक्तीला थोर म्हणत, तुरेवाले शिवाला. भात झोडून रास पडली की दुसऱ्या दिवशी दुपारी देवळापुढे दोन्ही फड समोरासमोर बसत. एकानं पुराणातलं काहीतरी गुंफून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जबाब द्यायचा. दिवेलागणीपर्यंत एक फड हरायचा. हरलेला आपल्या डफाला बांधलेला तुरा किंवा कलगी सोडून जिंकणाऱ्याच्या हातात द्यायचा. एवढंच. पण त्या एवढ्याशा दोऱ्या-मोरपिसाच्या गोंड्यासाठी माणसं वर्षभर एकमेकांच्या बांधावरून जाणं टाळत.

मला स्वतःला गाता येत नाही. माझी गाणी कोंडिबा म्हणायचा. त्याचा आवाज खळ्यावरून नदीपर्यंत जायचा. मी त्याला काय काय दिलं! चौदा रत्नं क्रमानं, आठ दिशांचे आठ रक्षक, सात द्वीपं, त्यांना वेढणारे सात समुद्र, कुठला कशाचा, दुधाचा की उसाच्या रसाचा. एका गाण्यात मी एकवीस पुराणकथांची नावं बसवली होती आणि यमक एकदाही सुटलं नव्हतं. रात्र रात्र बसून नव्हे, पण शाळेतल्या मुलांना पाढे घोकायला लावून मी ते जुळवलं होतं, हेही कबूल करतो. कोंडिबानं ते पाठ केलं आणि म्हणाला, "मास्तर, गानं झ्याक हाय. पर लई भरलंय. गाडीला जुपलं तर बैल खाली बसंल."

लोक हसले. मीही हसलो. मनात म्हटलं, अडाण्यांना काय कळतं.

समोरच्या तुऱ्याच्या फडाला गाणी करून द्यायचा हसन मणेर. पौडच्या बाजारात त्याचं बांगड्यांचं दुकान होतं, पण दुकानात तो थोडा आणि वाटेवर जास्त. पाठीवर बांगड्यांचं गाठोडं घेऊन खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर फिरायचा. त्याला अक्षर येत नव्हतं. पोथीतलं जे काही त्याला ठाऊक होतं ते माझ्याच तोंडचं. श्रावणात मी देवळात वाचायला बसलो की तो बाहेर पायरीवर गाठोडं टेकून बसायचा, डोळे मिटून. एकदा कुणीतरी त्याला डिवचलं, "हसनभाय, तुमचं काय काम हितं? पोथी आमची हाय."

तो म्हणाला, "आसंल की. पोथी तुमची, कान माझं. मी तुमची पोथी न्हेत न्हाई घरला, कानच न्हेतो माघारी."

त्याच्या गाण्यात सात समुद्र नसत. एकच काहीतरी असायचं, तेही पायरीवर बसून ऐकलेलं, आणि ते अशा जागी ठेवलेलं की ऐकणाऱ्याला आपल्याच घरातली गोष्ट वाटावी. माझ्या गाण्यात पुराणातली मंडळी लग्नाला आल्यासारखी गर्दी करून बसत, आणि पंगतीत वाढायला घरचं कुणी उरत नसे. त्याच्याकडे एकच पाहुणा यायचा. पण तो चुलीशी बसायचा, आणि उठून गेल्यावर घर रिकामं वाटायचं. हे मी आज लिहू शकतो. तेव्हा मला फक्त एवढं कळायचं की माझ्या गाण्याला लोक "वा मास्तर" म्हणतात आणि त्याचं गाणं घरी घेऊन जातात.

माझ्याच घरी ते आलं. एका सकाळी जात्यापाशी माझी बायको काहीतरी गुणगुणत होती. मी दाराआड उभा राहून ऐकलं. हसनचं होतं.

"माझी गाणी का म्हणत नाहीस गं कधी?" मी विचारलं.

ती दचकली. मग जातं न थांबवता म्हणाली, "आवं, तुमची गानी म्हनायची म्हंजी हाताला काम नको. ध्यान सारं त्यातच जातंया. पीठ जाडं येतं."

ती भाबडेपणानं बोलली. मी त्या दिवशी जेवलो नाही. पित्त झालंय असं सांगितलं.

मी सांगतो आहे तो हंगाम आमचा शेवटचा होता. धरणाची भिंत वर येत होती. पुढच्या पावसाळ्यात पाणी अडणार, गावं उठणार, असं ऐकू येत होतं. आमच्यातली काही माणसं धरणाच्या कामावर जाऊन आडवी पडत, त्यांना उचलून नेत, ती परत येऊन पुन्हा पडत. धोंडूबाबा म्हणून एक म्हातारा शेतकरी होता, तो म्हणायचा, "मी हितनं हालनार न्हाई. पानी येऊ द्या. नाकाला लागलं की बगू." त्याच्याकडे बघून बाकीचे धीर धरत. त्या वर्षी भात असं आलं होतं की बांध दिसत नव्हते. लोक कापताना बोलत नव्हते. पेंढ्या खळ्यावर आणल्या, लाकडाच्या ओंडक्यावर आपटून झोडल्या. दरवेळी पेंढा सैल रचतात. त्या वर्षी कुणी नीट चवड लावून, कडा कापून रचला. कुणासाठी, कोण जाणे.

रास पडली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फड बसले. सगळं खोरं आलं होतं. कोंडिबानं माझं एकवीस कथांचं गाणं म्हटलं. दाद मिळाली. मग हसन उठला. तो उभा राहूनच गायचा, डफ छातीशी धरून. त्याचा आवाज मोठा नव्हता. मागची माणसं गप्प बसली, ती ऐकू यावं म्हणून.

*दर्यानं घेतली द्वारका, द्वारका सोन्याची,*
*वेस बुडाली, वाट बुडाली, शेतं गेली धान्याची;*
*देवाचं घर तेवढं सोडून पानी मागं वळलं,*
*आमच्या नाथाचं घर सांगा कोन्या पान्यानं वळखलं?*

दाद आली नाही. डफही थांबला होता. बायकांच्या बाजूला कुणीतरी नाक ओढलं. भैरवनाथाचं देऊळ आमच्या पाठीशीच होतं, त्याच्या शेजारी धरणवाल्यांनी कळसाहून उंच काठी उभी करून तिच्यावर पाण्याच्या पातळीची चुन्याची रेघ मारलेली होती. ती रेघ आम्ही रोज बघत होतो. त्या ओळीनंतर ती पहिल्यांदा दिसली. दर्यासारख्या दर्याला देवाचं घर कळलं, आणि या पाण्याला कळत नाही, म्हणजे हे पाणी कुणाचं? एवढंच त्यानं विचारलं होतं. कुणाचं नाव घेतलं नव्हतं. धोंडूबाबा उठून उभा राहिला होता आणि त्याच्या मुठी वळल्या होत्या.

मी त्या क्षणी काय विचार करत होतो? गावाचा नाही. देवाचा नाही. ती ओवी मी वाचली होती. चार श्रावणांपूर्वी, माझ्या आवाजात. पोथी माझ्या घरात होती, माझ्या उशाशी. मी ती शंभरदा वाचली, आणि माझ्या डोळ्यांपुढे धरण वर येत असताना मला ती ओवी दिसली नाही. पायरीवर बसलेल्या माणसाला ती एकदा ऐकून दिसली. माझ्या घरातली वस्तू त्यानं नेली, आणि ती माझी होती हे मला त्याच्या हातात बघून कळलं.

मी उठलो आणि म्हणालो, "साक्ष दे."

हा आमच्याकडचा नेम होता. समोरच्यानं पुराणातलं म्हणून जे सांगितलं त्याचा संशय आला तर साक्ष मागायची. मग पोथी आणायची आणि त्यातून वाचून दाखवायचं. पोथी माझ्याकडे, वाचणारा मीच, आणि एका फडाचा लिहिणाराही मीच. यात काही वावगं आहे असं कुणाला कधी वाटलं नाही. पोथीपुढे बसलेला माणूस खोटं बोलत नाही, असं आमचं खोरं मानत होतं. मीही मानत होतो.

हसन माझ्याकडे बघून हसला. "साक्ष तुमच्याच तोंडाची हाय की मास्तर. तुमीच वाचलं व्हतं. मी पायरीवर व्हतो."

"मी वाचलं त्यात असं नव्हतं. द्वारका बुडाली, एवढंच आहे."

पोथी आली. तांबडं फडकं सोडलं. सुटी पानं उलटत मी त्या अध्यायावर आलो. ती ओवी तिथे होती. समुद्रानं सगळं घेतलं, देवाचं घर वगळलं. स्वच्छ, काळ्या शाईत. मी तिच्या वरची ओवी मोठ्यानं वाचली. मग तिच्या खालची ओवी वाचली. आवाज कुठे अडू दिला नाही. पोथी मिटली.

आमच्या फडातून आरोळी उठली. "बांगड्या भर रं हसनभाय! गानी आमाला करू दे!" दुसरा ओरडला, "आमची घरं बुडाया निगाली, ह्यो देवाचं वाचवाया लागलाय!"

हसननं माझ्या हातातल्या पोथीकडे बघितलं. मग म्हणाला, "मग माझ्या कानाचीच चूक झाली आसंल." त्यानं डफाचा तुरा सोडला. गाठ पक्की होती, त्याला दात लावावे लागले. तुरा त्यानं माझ्या हातात ठेवला.

आणखी एक नेम होता. जिंकणाऱ्यानं हरलेल्याची चुकलेली ओळ दुरुस्त करून म्हणायची. मी तिथल्या तिथे दोन ओळी केल्या आणि कोंडिबाच्या कानात सांगितल्या. त्यानं त्या खणखणीत म्हटल्या.

*देवाचंबी घर घेऊन पानी वरती चढलं,*
*आमच्या नाथाचं घर गेलं, नवल काय घडलं?*

धोंडूबाबा खाली बसला. शेजारच्याला म्हणाला, "देवाचंबी ऱ्हायलं न्हाई म्हनं. मग आपुन कोन लागून गेलो?" दुसऱ्या दिवशी सकाळी तो छपरावर चढला होता आणि घराचे वासे उतरवत होता.

माझ्या दोन ओळींनी धरण बांधलं असं मी म्हणत नाही. ती भिंत माझ्याशिवायही उभी राहिलीच असती. पण ज्या दिवशी त्या माणसांना विचारायला एक प्रश्न मिळाला होता, त्याच दिवशी मी तो काढून घेतला आणि त्यांच्या हातात समजूत ठेवली. देवाच्या नावानं ठेवली. एका मोरपिसाच्या गोंड्यासाठी, असंही म्हणता येत नाही. तो गोंडा मला नको होता. मला त्याची ती ओळ नको होती.

पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं. आम्ही पांगलो. मला कासार आंबोलीत शाळा मिळाली. हसन पुन्हा गायल्याचं कानावर आलं नाही.

या गोष्टीला सहा वर्षं होत आली. झोडणी सुरू झाली त्या दिवशी ओढा ओलांडून शाळेकडे जात होतो, तर खळ्यावर चारपाच बायका भात झोडत होत्या आणि त्यातली एक गात होती. पेंढी वर जाताना अर्धी ओळ, आपटताना अर्धी. 'दर्यानं घेतली द्वारका.' माझे पाय थांबले. पुढे ओळ आली ती माझी. 'देवाचंबी घर घेऊन पानी वरती चढलं.'

"हे गाणं कुठलं गं बाई?" मी विचारलं.

तिचं नाव गंगू. पदरानं घाम पुसत म्हणाली, "बुडालेल्या गावांकडचं हाय, मास्तर. आमच्या आत्यानं आनलं. बांगडीवाल्याचं गानं म्हंत्यात. पर त्यानं एक वळ चुकीची घातली व्हती म्हनं, आन् तिकडच्या कुना मास्तरानं पोथी बगून सुदारली. ही पोथीतली हाय, पक्की!"

मला काय वाटलं ते लिहायला बसलो आहे म्हणून लिहितो. पहिल्यांदा आनंद झाला. आयुष्यभर इतकं लिहिलं, त्यातलं एकही गाणं कुणाच्या ओठावर राहिलं नाही. कोंडिबा गेला आणि एकवीस कथा त्याच्याबरोबर गेल्या. उरल्या या दोन ओळी. परक्या गावात, परक्या बाईच्या तोंडी, माझ्या दोन ओळी जिवंत होत्या. मी चार दिवस मुद्दाम त्याच वाटेनं गेलो, त्या ऐकायला. शाळेला दुसरी, जवळची वाट आहे.

पाचव्या दिवशी ट्रंक उघडली. पोथीच्या फडक्याखाली तो तुरा होता. मोराचं पीस कसरीनं खाल्लं होतं, दोऱ्यावर दातांच्या खुणा मात्र तशाच होत्या. पोथी आणि तुरा पिशवीत घातला आणि रविवारी पौडला गेलो.

हसन दुकानात होता. दाढी पांढरी झालेली. एका पोरीचा हात हातात घेऊन बांगडी चढवत होता. "हात ढिला सोड बाय. आखडलास तर काच तुलाच लागंल." माझ्याकडे न बघता म्हणाला, "बसा मास्तर. लई दिसांनी."

पोर गेली. मी पिशवीतून तुरा काढून बांगड्यांच्या मांडणीवर ठेवला. जे सांगायचं ते सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. शेवटी म्हणालो, "ती ओवी पोथीत आहे, हसन. तेव्हाही होती."

"मला ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या बोटानं." त्यानं माझा उजवा हात उचलून बघितला, बायकांचा बघतो तसा, माप घेतल्यासारखा. "मला आक्षर येत न्हाई, मास्तर. पर जल्मभर हातच बगतोय. वाचताना तुमचं बोट वळीवरनं सरळ चाललं व्हतं. मदी एका जागी थांबलं. मग उडी मारून खाली ग्येलं. तोंड खोटं बोलतं, हाताला येत न्हाई."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? पोथी वाचून दावनारे तुमी येकलेच. तुमाला खोटं पाडलं आस्तं, तर पुढच्या श्रावनात मी कुनाकडं ऐकनार व्हतो?" मग म्हणाला, "पुढचा श्रावन आलाच न्हाई, ती गोष्ट येगळी."

मला वाटलं होतं तो रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं तुरा उचलून माझ्याकडे परत सरकवला. "ह्यो आता काय करू? डफावर सून मिरच्या वाळत घालती. पोथी आनलीया न्हवं? तेवढी ववी वाचा."

मी भर बाजारात, काचेच्या बांगड्यांच्या राशीपुढे बसून ती ओवी वाचली. वरची वाचली, ती वाचली, खालची वाचली. तो डोळे मिटून बसला होता, पायरीवर बसायचा तसाच. संपल्यावर म्हणाला, "व्हय. आसंच व्हतं." मग डोळे उघडून म्हणाला, "मास्तर, आता त्या बाईला सांगा. मला सांगून काय व्हनार? मला ठावंच व्हतं."

भुकूमवरून येणाऱ्या गाड्या बाजारात शिरत होत्या. मी उठलो. परतीच्या वाटेवर मला जे वाटत होतं ते पश्चात्तापच होतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. गंगूला सांगायचं म्हणजे माझ्या दोन ओळी माझ्याच हातानं बुडवायच्या. त्यांच्याशिवाय माझं काही उरत नव्हतं. आणि त्या जागी जी ओळ येणार ती पुन्हा त्याचीच.

काल सकाळी खळ्यावर गेलो. झोडणी संपत आली होती. पोथी उघडून गंगूला म्हणालो, "ती ओळ चुकीची आहे. बांगडीवाल्याची बरोबर होती. ही बघ."

"मला काय बगता येतंय? तुमी वाचा." मग भुवया वर करून म्हणाली, "आन् त्या मास्तरानं पोथी बगूनच सुदारली व्हती न्हवं? त्याला काय दिसत नव्हतं व्हय?"

"दिसत होतं," मी म्हणालो. "तो मास्तर मी."

बाकीच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गंगूनं हातातली पेंढी खाली ठेवली. शिव्या दिल्या नाहीत तिनं. एवढंच म्हणाली, "आत्याचं घर ग्येलं त्यात. नवल काय घडलं म्हनत रडायची बिचारी." मग म्हणाली, "सांगा ती वळ."

मी सांगितली. तिनं पेंढी उचलली आणि गायला लागली. बाकीच्या हातांची आपट सुरू झाली. द्वारका गेली, वेस गेली, वाट गेली. देवाचं घर सोडून पाणी मागं वळलं. 'आमच्या नाथाचं घर सांगा कोन्या पान्यानं वळखलं?' आणि सगळ्या पेंढ्या वरच्या वर राहिल्या. कुणीच आपटली नाही. दाणे तेवढे एकेक करून खाली पडत होते.

मी पुन्हा जळलो. माझ्या गाण्यावर कधी कुणाचा हात असा थांबला नव्हता. मग आठवलं, या ओळीवर सगळ्यांत आधी थांबलं होतं ते माझंच बोट.